बिलिंगमधून क्लेम्सकडे जायचंय, पण साहेब म्हणतायत रजिस्टर लिहून काढ

पत्र (थोडं कापून देतेय, कंसातले खुलासे माझे):

"ताई, मी ३२ वर्षांचा, चिंचवडला राहतो. आधी सिव्हिल डिप्लोमा, मग नोकरी करत करत बीई. नऊ वर्षं बिलिंग करतोय, त्यातली सहा आत्ताच्या कॉन्ट्रॅक्टरकडे. आमचं एक सरकारी पुलाचं काम होतं, ४८ कोटींचं, मुदत २४ महिने, संपलं ४१ महिन्यांत. जागा वेळेत मिळाली नाही, ड्रॉइंग उशिरा आली, हायटेन्शन लाइन हलवण्यात वर्ष गेलं. आता मॅटर आर्बिट्रेशनला (कोर्टाबाहेर लवादापुढे) आहे. क्लेमची (जादा पैशांच्या मागणीची) सगळी अ‍ॅनेक्शर (आकड्यांची परिशिष्टं) मीच बनवली. पहिल्या सुनावणीला मुंबईत वकिलांच्या मागे बसलो होतो आणि तिथंच ठरवलं की आपल्याला हेच करायचंय. एका क्लेम्स कन्सल्टन्सीने विचारलंय, पगार आत्ता आहे साधारण तेवढाच. एलएलबी करू की एमआरआयसीएस (इंग्लंडच्या आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेची मेंबरशिप) ते कळत नाही. बायको नाशिकला बँकेत आहे, ती म्हणते साइट सुटणार असेल तर काहीही कर. वडील म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि तू तिथं दुकान थाटायला निघालास. अजून एक, हिंड्रन्स रजिस्टर (कामातले अडथळे त्या त्या दिवशी नोंदवायची वही) आम्ही नीट ठेवलं नव्हतं, साहेब म्हणतात आता लिहून काढ. साक्षीला पण मलाच उभं करणार आहेत. – एक बिलिंगवाला"

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरेवर येते. तुझ्या पत्रात नोकरी आणि शिक्षणाला चार ओळी आहेत आणि रजिस्टरला एक, ती पण सगळ्यात शेवटी, "अजून एक" म्हणून. मी तिथूनच सुरू करणार. रजिस्टर लिहू नकोस.

नीतीचं राहू दे बाजूला, आधी धंद्याच्या भाषेत सांगते. हिंड्रन्स रजिस्टरला किंमत कशामुळे येते, तर ते त्या त्या दिवशी लिहिलेलं असतं आणि खाली डिपार्टमेंटच्या इंजिनिअरची सही असते. तू आता लिहिणार त्यात या दोन्ही गोष्टी नाहीत, मग उरतं काय, तर एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली वही जिला चहाचा एक डाग नाही, साइटची धूळ नाही. समोरचा वकील त्या वहीबद्दल तुला काही विचारणार पण नाही बघ. तो शांतपणे क्यूब टेस्टचं, म्हंजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचं, रजिस्टर मागेल. तू लिहिलेलं असणार "१० मार्च ते २५ एप्रिल काम पूर्ण बंद, जागा नाही", आणि क्यूब रजिस्टरमध्ये २ एप्रिलला पाइल कॅपचं कास्टिंग, सात दिवसांची स्ट्रेंग्थ, अठ्ठावीस दिवसांची स्ट्रेंग्थ, लॅबवाल्याची सही, सगळं. आणि त्या काँक्रीटचं बिल कोणी काढलं? तूच. म्हंजे तुझं रजिस्टर तुझ्याच आरए बिलाने (काम चालू असताना वेळोवेळी काढतात ते बिल) पाडणार आणि साक्षीच्या खुर्चीत पण तूच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि समजा कोणाच्या लक्षात आलं नाही, अवॉर्ड, म्हंजे लवादाचा निकाल, मिळालं. तरी ते टिकायला पाहिजे ना. आर्बिट्रेशन अँड कन्सिलिएशन अ‍ॅक्ट १९९६, कलम ३४, त्यात सरळ लिहिलंय की फसवणुकीने मिळवलेलं अवॉर्ड कोर्ट रद्द करू शकतं. खोटा पुरावा तयार करणं हा गुन्हा आहे तो वेगळाच, आणि त्यात सही साहेबांची नसणार, तुझी असणार.

आता साहेबांना नाही कसं म्हणायचं हा खरा प्रश्न, कारण सहा वर्षं त्यांचं मीठ खाल्लंयस आणि ते काही वाईट माणूस असतील असंही नाही, घाबरलेले असतील, क्लेम अडकलाय, बँक गॅरंटी अडकलीये. माझा सल्ला, साहेबांशी वाद घालू नकोस. कंपनीच्या वकिलांकडे जा. जाताना आरए बिल आणि क्यूब रजिस्टर घेऊन जा आणि एवढंच विचार, की सर मला साक्षीला उभं करणार आहात, क्रॉसमध्ये (उलटतपासणीत) हे दोन कागद समोर ठेवले तर मी काय उत्तर देऊ. जरा बरा वकील असेल तर तिथल्या तिथे साहेबांना फोन करून सांगेल की ती वही विसरा. काम होईल आणि तुझ्यावर येणार नाही. वकिलानेच "लिहून टाका हो" म्हटलं तर मात्र तुला ती नोकरी सोडायची आहे, कन्सल्टन्सीने बोलावलं असो वा नसो.

वही नाही म्हणून क्लेम मेला असं समजू नकोस. तुमच्याकडे कागद नक्की आहेत, फक्त विस्कळीत आहेत. डिपार्टमेंटला लिहिलेली पत्रं, मीटिंगचे मिनिट्स, ड्रॉइंग कधी आलं त्याचं इनवर्ड, सिमेंट रजिस्टर, मस्टर, एक्स्कॅव्हेटरच्या डिझेलच्या स्लिपा, महावितरणशी लाइन हलवायचा पत्रव्यवहार, आणि आजकाल सगळ्यात भारी म्हंजे साइटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यात रोज संध्याकाळी फोटो पडतात आणि ज्यात डिपार्टमेंटचे ज्युनिअर इंजिनिअर पण असतात आणि अंगठा दाखवून जातात. तो अंगठा लाखमोलाचा आहे. हे सगळं तारखेप्रमाणे लाव आणि त्यातून अडथळ्यांचा तक्ता बनव, आणि वर स्पष्ट लिही की हा तक्ता आज, या सालात, खालील कागदांवरून तयार केलाय, प्रत्येक ओळीसमोर कागदाचा नंबर. असा तक्ता एकदम चालतो, कारण तो जे आहे तेच असल्याचं सांगतो. ज्या काळासाठी कागद नाही तिथं रिकामं सोड. रिकाम्या जागा दिसल्या की ट्रिब्युनलचा (लवादाचा) बाकीच्यावर विश्वास बसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तो फोन बदलू नकोस, विकू नकोस, व्हॉट्सअ‍ॅप डिलीट करू नकोस. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागू शकतं, आधी ६५ बी म्हणायचे ते, आर्बिट्रेटरला पुराव्याचा कायदा जसाच्या तसा बांधील नसतो हे खरं, पण कोण कुठे अडवेल सांगता येत नाही.

त्या तक्त्यात तुमच्या चुका पण टाक. १७ महिन्यांतले सगळे १७ सरकारमुळे गेले असं जगात कुठं होत नाही. बॅचिंग प्लांट बंद पडला असेल, शटरिंगची गँग सणाला गावाला गेली ती महिन्याने आली असेल, सबकॉन्ट्रॅक्टर पळाला असेल. ते तू आधी वकिलांना सांग, समोरच्याने सांगायच्या आत.

साक्षीबद्दल एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव, तू तिथे साक्षीदार आहेस, एक्स्पर्ट नाहीस. तू काय बघितलंस, काय मोजलंस, कोणतं बिल कधी पाठवलंस एवढंच सांगायचं. "उशिराचं कारण काय" असं मत विचारलं तर फार शहाणपणा करायचा नाही. स्वतःच्या कंपनीचा पगार घेणारा माणूस स्वतंत्र एक्स्पर्ट होऊच शकत नाही, आणि तुला पुढे ज्या धंद्यात जायचंय त्याचा पाया हा फरकच आहे. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये इकेरियन रीफर नावाच्या जहाजाच्या केसमध्ये कोर्टाने एक्स्पर्टची कर्तव्यं लिहून ठेवली, एक्स्पर्टचं मत स्वतंत्र पाहिजे, आणि पैसे कोणीही देत असो, मदत कोर्टाला करायची, वकिली करायची नाही. जगभरचे लोक अजून तेच धरून चालतात. वाचायला सोपं आहे, करायला नाही, कारण फी देणारा समोर बसून तुझ्याकडेच बघत असतो.

माझंच सांगते. पहिल्यांदा क्वांटमची, म्हंजे क्लेमच्या रकमेची, एक्स्पर्ट म्हणून बसले तेव्हा वय ४१, दुबईतली चार वर्षं करून आलेले, डोक्यात हवा. नऊ कोटींचा रिपोर्ट, तीन महिने राबून केलेला. क्रॉसमध्ये तिसऱ्या प्रश्नाला कळलं की एक एक्स्ट्रा आयटम, साडेचार लाखांचा, आधीच एका आरए बिलात दिला गेला होता आणि मी तो परत धरला होता. फक्त साडेचार लाख. मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं की हो, चुकलं, वजा करा. मी नाही म्हणाले. मी पाऊण तास भांडले, की तो आयटम वेगळा आहे, त्याचं मोजमाप वेगळं, मोजमापाचं भारतीय मानक आयएस १२०० असं म्हणतं आणि तसं म्हणतं. आर्बिट्रेटर निवृत्त चीफ इंजिनिअर होते, आयएस १२०० त्यांनी माझ्या जन्माआधीपासून वापरलेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलेलं दिसलं ना की समजायचं. पुढचे आठ कोटी पंचाण्णव लाख त्यांनी चष्मा काढूनच ऐकले. पार्टीचं नुकसान झालं ते झालं, मी दोन वर्षं कोणाला तोंड दाखवलं नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तू क्यूएस (क्वांटिटी सर्व्हेअर, कामाची मोजमापं आणि पैसे काढणारा) आहेस आणि शेवटी आपलं पोट आकड्यांवर. तुझी अ‍ॅनेक्शर मी बघितलेली नाहीत, पण पैज लावते की एकात हडसन फॉर्म्युला (उशिरामुळे बुडालेलं ओव्हरहेड आणि प्रॉफिट काढायचा) असणार. ४८ कोटी, ओव्हरहेड आणि प्रॉफिट धरून दहा टक्के, म्हंजे ४ कोटी ८० लाख, भागिले २४, महिन्याला २० लाख, गुणिले १७, झाले ३ कोटी ४० लाख. दहा मिनिटांत एक्सेलमध्ये तयार आणि साहेब खूश. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मॅकडरमॉटच्या केसमध्ये असे फॉर्म्युले वापरायला मोकळीक दिली होती, तेव्हापासून आपल्याकडे सगळ्यांनी तो पाठच केला. पण २०२३ मध्ये दोन निकाल आले, एक बाटलीबॉय एन्व्हायर्न्मेंटल विरुद्ध हिंदुस्तान पेट्रोलियम आणि महिन्याभरात दुसरा युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ. दोन्हीचा मथितार्थ आपल्या भाषेत असा की फॉर्म्युला म्हंजे पुरावा नाही. हडसन गृहीत धरतो की तू इथे अडकला नसतास तर तेवढीच माणसं आणि मशिनरी दुसरीकडे लावून तेवढंच कमावलं असतंस. मग दाखव, कुठलं टेंडर सोडलंस, कुठलं काम तुमच्या दारात येऊन परत गेलं, त्या वर्षांच्या बॅलन्स शीटमध्ये टर्नओव्हर किती पडला. काहीच दाखवता येत नसेल तर ३ कोटी ४० लाख हा फक्त एक गुणाकार आहे. शिवाय उशिरा झालेल्या कामाचं बिल तुम्हाला मिळालंच, त्या रेटमध्ये ओव्हरहेड होतंच, म्हंजे तेवढं वजा करायला पाहिजे, ते केलंयस का? बहुतेक नाही. माझ्याकडे येतात त्यातल्या अ‍ॅनेक्शरमध्ये दहापैकी आठांनी केलेलं नसतं.

त्यापेक्षा कष्टाचा रस्ता घे. साइट ऑफिसचं भाडं, स्टाफचा पगार, वॉचमन, विमा, बँक गॅरंटीचं कमिशन, क्रेनचं भाडं, हे खरोखर महिन्याला किती झालं ते अकाउंट्समधून व्हाउचरसकट काढ. ३ कोटी ४० लाखांच्या जागी कदाचित १ कोटी ९० लाख येतील. साहेब चिडतील. पण ते १ कोटी ९० लाख कोणाच्या बापाला हलवता येणार नाहीत. या धंद्यात क्यूएसची किंमत मोठा आकडा काढण्यात नाही, जो आकडा क्रॉसनंतर पण तेवढाच राहतो तो काढण्यात आहे, आणि हे एवढं ज्याला पटलं त्याने इकडे यावं, नाही पटलं तर बिलिंगमध्येच रहावं, तिथं पण चांगलं आयुष्य आहे.

आता नोकरी. तू सुनावणी बघून भारावलास, मी पण अशीच भारावले होते. पण सुनावणी म्हंजे लग्नाचा दिवस. बाकीचं वर्ष तू एका खोलीत स्कॅन केलेले पीडीएफ नंबर टाकत बसणार, कोणाचं तरी वाचता न येणारं अक्षर वाचणार, आणि स्कॉट शेड्यूल बनवणार. (ते माहीत नसेल तर, एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक आयटमसमोर आपलं म्हणणं, समोरच्याचं म्हणणं आणि शेवटचा रकाना ट्रिब्युनलसाठी रिकामा. इंग्लंडमधल्या स्कॉट नावाच्या एका न्यायिक अधिकाऱ्यामुळे हे नाव पडलं, आणि मला विचारशील तर चांगलं स्कॉट शेड्यूल शंभर पानी युक्तिवादाला भारी पडतं.) ज्याला रेट अ‍ॅनालिसिस करताना मजा येते त्याला हे पण आवडतं. तुला एमबीचे (मोजमाप वहीचे) टोटल जुळले की बरं वाटतं का, त्याचं उत्तर स्वतःला खरं दे.

कन्सल्टन्सीला पगाराआधी तीन-चार गोष्टी विचार. फी कशी घेता हे पहिलं. क्लेमच्या टक्क्यांवर घेत असतील तर सावध, कारण तिथं आकडा फुगवणं हाच धंदा असतो, आणि असल्या ठिकाणी राहून तुझं नाव पुढे एक्स्पर्ट म्हणून चालणार नाही. आरआयसीएस तर आपल्या मेंबरला एक्स्पर्ट साक्षीदार म्हणून निकालावर अवलंबून फी घेऊच देत नाही. मग विचार की रिपोर्टवर सही कोणाची असते आणि तो माणूस खरंच ऑफिसात बसतो की फक्त लेटरहेडवर आहे, कारण तुला शिकायचंय ते त्याच्याकडून. एका माणसाकडे किती मॅटर असतात तेही विचार. आणि हळूच बघून घे की तुमच्या पुलाच्या मॅटरमध्ये ते डिपार्टमेंटच्या बाजूने तर नाहीत ना. असतील तर विषय संपला.

जायचंच ठरलं तर साक्ष झाल्यावर जा. अर्धवट सोडून गेलास तर कंपनी म्हणणार ऐन वेळी पळाला, आणि समोरचा वकील म्हणणार का सोडली हो नोकरी, रजिस्टरवरून का? एका महिन्याचा-दोन महिन्यांचा प्रश्न असेल, कन्सल्टन्सीला स्पष्ट सांग, शहाणे असतील तर थांबतील. निघताना पेनड्राइव्हवर क्लेमची फाइल भरून नेऊ नकोस, "फॉरमॅट म्हणून" सुद्धा नाही. आर्बिट्रेशन गोपनीय असतं, कलम ४२ अ, आणि कागद कंपनीचे आहेत.

एलएलबी. आत्ता नको. तीन वर्षांचा कोर्स, सीईटी, हजेरी, आणि सनद घेतलीस तर फुलटाइम नोकरी करता येत नाही. तुला युक्तिवाद करायचाय का? तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही, तुला आकडे सिद्ध करायचेत. त्यासाठी कायदा थोडाच पण खणून वाचावा लागतो. इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ मधली कलम ५५, ७०, ७३ आणि ७४, मुदत, न ठरवता करून घेतलेल्या कामाचे पैसे, नुकसानभरपाई आणि एलडी (उशिराची आधीच ठरवलेली भरपाई). एवढी चार कलमं मराठी पुस्तकातून वाचलीस तरी चालेल, पण दहा वेळा वाच आणि दर वेळी आपल्या पुलाला लावून बघ. त्यानंतर आपल्या कामाच्या कॉन्ट्रॅक्टच्या जनरल कंडिशन्स, ज्या तू नऊ वर्षांत पूर्ण वाचलेल्या नाहीस, हो ना? आपण बिलिंगवाले रेट, एस्कलेशन आणि डेव्हिएशन एवढीच पानं वाचतो. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या बांधकाम खात्याच्या) कॉन्ट्रॅक्टमधला क्लॉज १२, १०सीसी, २ आणि ५ तोंडपाठ, २५ मात्र उघडलेलाच नसतो, आणि वादाचं कलम तेच.

एलएलबीच्या आधी प्रायमावेरा (कामाचं वेळापत्रक बांधायचं सॉफ्टवेअर) शिक, नीट शिक. पैशाचा क्लेम वेळेवर उभा असतो आणि ज्या क्यूएसला डिले अ‍ॅनालिसिस कळत नाही तो अर्धाच. लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल आहे, दुसरी आवृत्ती २०१७ ची, फुकट डाउनलोड होतो. इंग्रजी सोपं आहे. रोज रात्री पाच पानं.

एमआरआयसीएस कर, पण कशासाठी ते ओळखून. आपल्याकडे क्वांटिटी सर्व्हेअर नावाचं वेगळं दुकान फार नाही, सिव्हिल इंजिनिअरच बिलिंग करतो आणि सरकारी आर्बिट्रेशनमध्ये तुला कोणी चार्टर्ड आहेस का विचारणार नाही. पण दुबई, सिंगापूर, लंडन, किंवा मुंबई-गुरगावच्या परदेशी एक्स्पर्ट फर्म, तिथं ती पाच अक्षरं दार उघडतात. आरआयसीएस १८६८ पासूनची संस्था, इंग्लंडमध्ये क्यूएस हा तेव्हापासूनचा मानाचा पेशा आहे, आणि आखातात श्रीलंकेच्या पोरांनी हे आपल्या कितीतरी आधी ओळखलं, माझ्या दुबईच्या ऑफिसात आम्ही दोन मराठी आणि श्रीलंकेचे अकरा होते, कामात एकेक जण नंबरी. परीक्षेत ३००० शब्दांची केस स्टडी आणि एक तासाचा इंटरव्ह्यू असतो. केस स्टडीला तुझा पूल आहेच की, नाव-गाव झाकून. वर्षाची फी पौंडात असते, ती कंपनी भरेल का हे पण कन्सल्टन्सीला विचारून ठेव. चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सचा सुरुवातीचा कोर्स त्याच्यानंतर, घाई नाही.

दुबईचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट. तिथं फिडिक या आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटनेचं छापील कॉन्ट्रॅक्ट असायचं, १९९९ चं रेड बुक, कलम २०.१, अडचण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर क्लेम गेला. त्यामुळे तिथं सत्ताविसाव्या दिवशी ऑफिसात लगीनघाई. आपल्याकडे काय, तर "पत्र लिहिलं तर साहेबांशी संबंध बिघडतील". दोन वर्षं कोणी पत्र लिहीत नाही, संबंध छान, सगळे एकत्र हुरडा खातात, आणि मग फायनल बिलाला तोच साहेब बदलीवर आणि नवीन साहेब म्हणतो, दाखवा पत्र. तुमच्या हिंड्रन्स रजिस्टरची कथा हीच असणार. पुढच्या साइटवर जाशील तर एवढं कर, दर महिन्याच्या बिलाच्या कव्हरिंग लेटरमध्येच खाली दोन ओळी टाक, अमुक जागा अजून ताब्यात नाही, अमुक ड्रॉइंग बाकी आहे. भांडण नाही, तक्रार नाही, बिलाबरोबर गेलेलं असतं म्हणून कोणी बघत पण नाही, इनवर्डचा शिक्का मात्र पडतो.

वडिलांचं. त्यांची म्हण खोटी नाही. कायद्यात लिहिलंय की दोन्ही बाजूंचं म्हणणं दाखल झाल्यापासून १२ महिन्यांत अवॉर्ड, संमतीने अजून सहा, आणि त्याच्या पुढे कोर्टात जाऊन मुदत वाढवून घ्यायची, आणि अवॉर्डनंतर कलम ३४ ची लढाई वेगळी. दिल्लीच्या एअरपोर्ट मेट्रोचं उदाहरण त्यांनी पेपरात वाचलं असेल, २०१७ मध्ये अवॉर्ड साधारण २७८२ कोटींचं, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टात क्युरेटिव्हमध्ये (फेरविचारानंतरच्या शेवटच्या याचिकेत) उडालं. पक्षकार म्हणून पायरी चढू नये हे बरोबरच आहे. पण तू पक्षकार म्हणून चाललेला नाहीस, पायरीवर मोजमाप करणारा म्हणून चाललायस, आणि मोजमापाचे पैसे दोन्हीकडचे देतात. इंग्लंडमध्ये १९९८ पासून बांधकामाच्या वादाला २८ दिवसांत अ‍ॅज्युडिकेटरचा तात्पुरता निकाल मिळतो आणि आधी पैसे द्या मग भांडा असा मामला असतो, तसं आपल्याकडे कायद्याने नाही, ते आलं तर क्यूएसना दिवाळी.

हां, एक धोका वडिलांना माहीत नसेल पण तुला माहीत पाहिजे. ३ जून २०२४ ला अर्थ मंत्रालयाने सूचना काढल्यात की केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी कॉन्ट्रॅक्टमध्ये आर्बिट्रेशन सरसकट टाकू नये, टाकलं तर साधारण १० कोटींच्या आतल्या वादांपुरतं, बाकी मीडिएशन नाहीतर कोर्ट. त्यामुळे मोठी सरकारी आर्बिट्रेशन पुढे कमी होतील असं मला वाटतं, काही मित्र म्हणतात काही फरक पडणार नाही. मीडिएशनच्या टेबलावर पण कोणीतरी विचारणारच ना की बाबा खरे किती बसतात, तिथं तुझ्यासारख्याचं काम उलट वाढेल. फक्त "आर्बिट्रेशनवाला" अशी पाटी लावून बसू नकोस.

बायकोचं राहिलं. साइट सुटेल, हेल्मेट आणि धुळीचे बूट जातील, हे तिला खुशाल सांग. पण आर्बिट्रेटर बरेचदा निवृत्त जज असतात, वकील दिवसभर कोर्टात अडकलेले असतात, म्हणून सुनावण्या लागतात संध्याकाळी पाचनंतर आणि शनिवारी. तेव्हा शुक्रवारी रात्री नाशिकची गाडी पकडीन असा शब्द मात्र आत्ताच देऊ नकोस.